दोन्ही बाजूंनी सुलट

जेवण झालं की पाहुण्यानं उठायचं नाही. त्याच्यापुढे तस्त येणार, कुणीतरी झारीतून हातांवर पाणी ओतणार आणि लगेच हात पुसायला कापड पुढे होणार. ऑटोमन काळातल्या इस्तंबूलमधल्या सुखवस्तू घरांत हा रिवाज होता. ते कापड साधारण आपल्या पंचाएवढं, थोडं अरुंद. मधला भाग कोरा आणि दोन्ही टोकांना वीत-वीतभर रेशमी भरतकाम. गुलाब, डाळिंबं, एखाद्या घराची कौलारू ओळ, आणि पाकळ्यांच्या कडेकडेनं कलाबतूची बारीक चमक. त्याच कापडाला पाहुण्यानं ओले हात पुसायचे.

मी स्वतः भरतकाम करते, त्यामुळे एवढं सुंदर काम कशावर केलंय हे आधी बघायची मला सवय आहे. जगात बहुतेक ठिकाणी सगळ्यात बारीक कशिदा देवासाठी, राजासाठी किंवा नवरीच्या अंगावरच्या कपड्यांसाठी राखून ठेवलेला दिसतो. तुर्कस्तानात राजवाड्यातले कफ्तान आणि तंबू आहेतच, पण घरोघरच्या बायकांनी आपले डोळे आणि आपल्या दुपारी खर्च केल्या त्या हात पुसायच्या कापडांवर, जेवताना मांडीवर घ्यायच्या पट्ट्यांवर, रजईच्या खोळींवर, उशीच्या अभ्र्यांवर आणि कपडे बांधून ठेवायच्या चौकोनी बोचक्यांवर. या बोचक्याला तिथे बोहचा म्हणतात, टॉवेलला हावलू आणि जेवणातल्या कापडाला पेशकीर. एकूण घरातली रोज हाताळली जाणारी, धुतली जाणारी, झिजणारी कापडं.

1718च्या मार्चमध्ये इंग्रज राजदूताची पत्नी लेडी मेरी वर्टली माँटेग्यू दिवंगत सुलतान दुसऱ्या मुस्तफाच्या पत्नीकडे जेवायला गेली होती. त्या जेवणाचं वर्णन तिनं बहिणीला पत्रात लिहून कळवलं. यजमानीणबाईंच्या अंगावरची रत्नं, एकामागून एक येत राहिलेले पन्नास पदार्थ, हिरे जडवलेल्या मुठींच्या सोन्याच्या सुऱ्या, सगळं त्यात आहे. पण तिचा जीव हळहळला तो नॅपकिन बघून. तलम कापडावर रेशमानं आणि सोन्याच्या तारेनं खऱ्याखुऱ्या वाटाव्यात अशा फुलांचं काम, आणि त्याला हात पुसायचे! जेवण संपेपर्यंत ती सगळी कापडं खराब झाली, असं तिनं लिहिलंय. तिची हळहळ मला समजते. पण मला त्या यजमानीणबाईंचं जास्त कौतुक वाटतं. पाहुणी आली म्हणून त्यांनी चांगली कापडं काढली आणि ती खराब होऊ दिली.

साध्या घरांत प्रत्येकाला वेगळा नॅपकिन नसे. मोठ्या गोल तबकाभोवती, सिनीभोवती, सगळे खाली बसत आणि एकच लांबच लांब पेशकीर सगळ्यांच्या मांड्यांवरून फिरवलेला असे. घरातली माणसं आणि पाहुणे एकाच कापडाखाली. ही पंगत डोळ्यांपुढे आणली की मग कळायला लागतं, भरतकाम कापडाच्या टोकांनाच का, आणि ते दोन्ही बाजूंनी सारखं का.

दोन्ही बाजूंनी सारखं हीच या कामाची खरी कसोटी. आपण रुमालावर फूल भरतो तेव्हा वरून फूल दिसतं आणि उलट बाजूला दोऱ्यांचा गुंता, गाठी, एका पाकळीवरून दुसरीकडे मारलेल्या उड्या. शाळेत शिवणकामाच्या बाई रुमाल उलटा करून बघायच्या, ते त्यासाठीच. आता टॉवेल हातात घेऊन बघा. त्याला पालथी बाजू कुठे असते? तो खांद्यावर टाकला की एक टोक पुढे येतं, एक मागे. हात पुसताना उलटतो, दोरीवर घातला की दुमडतो. पाहुण्याच्या हातात कुठली बाजू जाईल, काही नेम नाही. म्हणून या बायकांनी जे टाके वापरले ते असे, की सुई वर येताना आणि खाली जाताना दोन्हीकडे तीच रेघ उमटावी. धावदोऱ्यानं एकदा जायचं आणि त्याच वाटेनं परत येत मधल्या रिकाम्या जागा भरायच्या. दोऱ्याच्या सुरुवातीला गाठ नाही, शेवटी गाठ नाही. टोक भरलेल्या टाक्यांच्या पोटात लपवायचं. रंग बदलायचा तर तिथेच दोरा संपवायचा आणि नवा घ्यायचा, कारण उडी मारली तर मागे दिसणार.

यातल्या मोठ्या गटाचं नाव आहे हेसाप इशी, म्हणजे हिशेबाचं काम. कापडाचे ताणे-बाणे मोजून टाका घालायचा: दोन धागे सोडून एक, चार वर, तीन तिरके. छाप नसला तरी चालतं. डोळा आणि मोजणी पुरे. सांगली-कोल्हापूरकडच्या वाचकांना इरकलीवरची कसुती आठवेल. तिच्यातला गवंती टाका याच रीतीनं जातो-येतो आणि पाठपोट सारखा दिसतो. हिशेबाच्याच कामात मुशाबाक नावाचा एक टाका आहे. त्यात तिरक्या दिशेनं दोरा असा ओढून घ्यायचा की कापडाचे धागे एकमेकांजवळ सरकतात आणि मध्ये बारीक बारीक भोकं पडतात. लांबून पाहिलं तर जाळी विणल्यासारखी वाटते. कापड मात्र कुठेही कापलेलं नसतं. हा टाका मी दुपदरी खादीवर घालून पाहिला. ओढ जरा जास्त पडली की कापड आकसतं, कमी पडली की भोक उमटत नाही. ती ओढ सगळ्या टोकभर एकसारखी ठेवणं म्हणजे बोटांची तालीम आहे.

मोठं काम गेर्गेफवर होई. गेर्गेफ म्हणजे पायांवर उभी असलेली चौकोनी लाकडी चौकट, तीत कापड ताणून बांधायचं. एक हात कापडाच्या वर, एक खाली. वरचा हात दिसतो. खालच्याला मात्र स्पर्शावरच सुई घ्यायची, योग्य धाग्यापाशी आणायची आणि परत वर पाठवायची. आपण हातात धरायची गोल रिंग त्यांच्याकडेही असते, तिला कासनाक म्हणतात. पण रजईच्या खोळीएवढं काम रिंगेवर होत नाही.

या खोळींमध्ये मला फार आवडणारी एक गोष्ट आहे. हातमागाचं कापड अरुंद, म्हणून मोठ्या खोळीसाठी तीन-चार पट्टे जोडावे लागत. भरतकाम पट्टे जोडण्याआधी, सुटंसुटं होई, आणि मग शिवण घातली जाई. त्यामुळे जोडावर पाहिलं तर ट्युलिपची पाकळी या पट्ट्यावर एका उंचीला असते आणि पलीकडे बोटभर खाली सरकलेली. कधी एका पट्ट्यावरचा लाल जरा गडद, दुसरा फिका. कदाचित आईनं एक पट्टा घेतला असेल आणि मुलींनी दुसरे. काही जुन्या तुकड्यांत रेशीम झिजून गेलंय आणि खाली शाईनं काढलेला मूळ आराखडा उघडा पडलाय. तिथे कळतं की हे नमुने सगळे मनानं केलेले नव्हते. कापडावर फुलं रेखून देणारं कुणी तरी वेगळं असे आणि रंग भरणारी वेगळी.

नमुन्यांचा उगम बऱ्याच अंशी राजवाड्यात. सोळाव्या शतकात सुलतान सुलेमानच्या चित्रशाळेत कारा मेमी नावाचा नक्काश होता. त्यानं पोथ्यांच्या हाशियांत ट्युलिप, कार्नेशन, हायसिंथ आणि गुलाब ओळखू येतील असे रंगवले. तीच फुलं इझनिकच्या टाइलांवर उतरली, मखमलीवर विणली गेली आणि हळूहळू घरातल्या सुईपर्यंत आली. सोळाव्या-सतराव्या शतकातल्या कापडांवर ती मोठी, ठसठशीत दिसतात. लाल आणि निळा भरपूर, रंग मोजके. पुढे अठराव्या-एकोणिसाव्या शतकात फुलं लहान झाली, रंगांच्या छटा वाढल्या, कलाबतू आणि चपटी धातूची पट्टी आली.

बहुतेक जाणकार पहिल्या काळाला श्रेष्ठ मानतात. मला दुसरा काळ जवळचा वाटतो. कारण याच काळात टॉवेलच्या टोकांवर घरं उगवली. सुरूची उभी झाडं, मशिदीचे मिनार, बॉस्फरसच्या काठचे लाकडी वाडे, तंबू, शिडाची जहाजं, फळांनी भरलेल्या परड्या. कापलेलं कलिंगड आणि त्यात खुपसलेली सुरी, बियांसकट! हे सगळं बाईनं खिडकीतून पाहिलं असेल किंवा नसेलही, पण ते तिच्या आवाक्यातलं जग होतं आणि तिनं ते चार-चार बोटांच्या चौकोनात बसवलं. राजवाड्यातल्या नक्काशांनी पोथीच्या कडेला कलिंगडात सुरी खुपसली नसती.

इस्तंबूलच्या उत्तरेला, बॉस्फरसच्या काठी ब्युयुकदेरे इथे सादबर्क हानम संग्रहालय आहे. सादबर्क कोच या बाईंनी आयुष्यभर जुने कपडे आणि भरतकामं जमवली. त्यांच्या मागे 1980 मध्ये घरच्यांनी हे संग्रहालय उभं केलं. तुर्कस्तानातलं ते पहिलं खासगी संग्रहालय. जुन्या लाकडी वाड्यात मेंदीच्या रात्रीची खोली, बाळंतिणीचा पलंग, सुंतेचा पलंग असे प्रसंग मांडलेले मी पाहिले. बाळंतिणीचा पलंग म्हणजे भरतकामाचं भांडार. उशा, पांघरुणं, पडदे, सगळ्यावर सोनेरी काम. बाळाला बघायला येणाऱ्या बायका त्या पलंगासमोर बसत आणि अर्थातच टाके बघत. कापडं काचेमागे का होईना, पण आपापल्या प्रसंगात पाहायला मिळतात, म्हणून मला हे संग्रहालय आवडलं. युरोप-अमेरिकेतल्या संग्रहांत हीच कापडं सपाट ताणून, एक बाजू भिंतीला लावून ठेवलेली दिसतात. दोन्ही बाजू सुलट करायला जो अर्धा जन्म गेला, तो भिंतीकडे तोंड करून.

हे सगळं करायचं कधी? तर लग्नाआधी. चेयीझ म्हणजे मुलीनं सासरी न्यायचं सामान. मुलगी सुई धरायला लागली की पेटी भरायला सुरुवात. लग्नाच्या आधी हे सामान दोऱ्यांवर, भिंतींवर, पलंगांवर मांडून सगळ्यांना दाखवायचं, अगदी आपल्या रुखवतासारखं, आणि आल्या-गेल्या बायकांनी हात लावून, उलटून, बारकाईनं बघायचं. हमामसाठी वेगळा जोड: कमरेला गुंडाळायचं, खांद्यावर घ्यायचं, केसांना बांधायचं. लग्नाआधी नवरीला मैत्रिणी आणि सासरच्या बायकांबरोबर हमामात नेत. तिथे बाकी कपडे नसल्यामुळे हे टॉवेल हाच काय तो दागिना, आणि तोच सगळ्यांच्या नजरेत. मुलीच्या बोटांची परीक्षा सासूच्या देखत, वाफेत.

पण चेयीझच्या गोडव्यातच थांबलं तर या कामावर अन्याय होईल. सगळ्याच बायका हौसेनं भरत नव्हत्या. बोचकी पाठीला लावून घरोघर फिरणाऱ्या विक्रेत्या बायका होत्या, त्यांना बोहचाजी म्हणत. पडद्यातल्या घरांत त्यांना प्रवेश असे. त्या एका घरात भरलेलं दुसऱ्या घरात विकत. ज्या घरात कमावता पुरुष नाही तिथे सुई हेच पोट होतं.

1877-78च्या रशिया-तुर्कस्तान युद्धात बाल्कनमधून हजारो मुसलमान कुटुंबं घरंदारं सोडून इस्तंबूलमध्ये येऊन पडली. मशिदींत, शाळांत, उघड्यावर. पळताना बायकांनी जे उचललं त्यात पेटीतली ही कापडं होती, कारण ती हलकी आणि मोलाची. आता ती विकून पाव घ्यायची वेळ आली. आजीनं भरलेला पेशकीर चार नाण्यांना गेला. इंग्लंडमध्ये अँजेला बर्डेट-कूट्स या धनाढ्य बाईंच्या पुढाकारानं मदतनिधी उभा राहिला होता, टर्किश कम्पॅशनेट फंड. इस्तंबूलमध्ये इंग्रज राजदूत लेयार्ड यांच्या पत्नीनं पाहिलं की या बायका जुनी कापडं विकून संपवतायत; त्यांच्या हातात ती कला आहे, तर नवीन काम का देऊ नये? कापड आणि दोरा पुरवून भरतकाम करवून घ्यायचं आणि ते परदेशात विकायचं, अशी व्यवस्था बसवली गेली. 1893च्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनातही या निधीचं काम मांडलं होतं.

या गोष्टीचा मी पुष्कळ विचार करते. कामामुळे बायका जगल्या, हे खरं आणि मोठं. पण गिऱ्हाईक आता लंडनचं होतं. त्याला हात पुसायचा टॉवेल नको होता. त्याला टेबलावर घालायची पट्टी, उशीचा अभ्रा, खिडकीचा पडदा हवा होता. जुन्या टॉवेलांचंही तेच झालं. व्यापाऱ्यांनी मधला कोरा भाग कापून टाकला आणि भरलेली टोकं तेवढी विकली. पाश्चात्त्य संग्रहांत आज जी सुटी टोकं दिसतात, चार-चार एकत्र शिवलेल्या उशा दिसतात, ती यातून आली. कोरा भाग बिनकामाचा ठरला. खरं तर पाणी टिपायचं काम तोच करायचा.

याच कोऱ्या भागाची एक वेगळी कहाणी आहे आणि ती थेट आपल्या घरात येऊन पोचते. तुर्की विणकर काही टॉवेलांच्या मधल्या भागात ताण्याचे छोटे छोटे वळसे उभे ठेवत, म्हणजे पाणी लवकर शोषलं जाई. बुर्सा शहराचं या कामात नाव होतं. 1850 मध्ये हेन्री क्रिस्टी हा इंग्रज ऑटोमन मुलखात फिरत असताना त्यानं हे कापड पाहिलं आणि नमुना घरी नेला. तिथे ते यंत्रावर विणायची युक्ती निघाली आणि 1851च्या लंडनच्या महाप्रदर्शनात यंत्राचे टॉवेल मांडले गेले. पुढे हे विणकाम सगळीकडे पसरलं, सोलापुरातही. तेलंगणातून येऊन स्थायिक झालेल्या पद्मशाली विणकरांनी तिथे चादरीच्या जोडीनं टेरी टॉवेलचा धंदा उभा केला. सोलापुरी चादर आणि सोलापुरी टेरी टॉवेल दोघांनाही भौगोलिक मानांकन आहे. टर्किश टॉवेल आपण पिढ्यान् पिढ्या वापरतोय. फक्त प्रवासात त्याची भरलेली टोकं गळून पडली.

टोकांवरून आठवलं, ओया राहिलीच. कापडाच्या काठाला सुईनं, क्रोशाच्या सुईनं किंवा मणी ओवून जी बारीक लेस करतात ती ओया. टॉवेलला असते, पण तिचं खरं राज्य डोक्याच्या रुमालावर. सुईची ओया बघितली तर विश्वास बसत नाही: एका दोऱ्याच्या गाठी गाठी मारत उभं केलेलं, पाकळ्यांसकट उभं राहणारं फूल. अनातोलियात या नमुन्यांना बोलकी नावं आहेत. नवऱ्यावर राग असेल तर बाईनं लाल मिरचीची ओया बांधायची, अशी रीत सांगतात. एका नमुन्याचं नाव चक्क ‘जाऊ जावेवर रुसली’. दुसऱ्याचं ‘सासूची जीभ’. एकत्र कुटुंबात जिला मोठ्यानं बोलता येत नव्हतं, तिनं कपाळावर बांधून फिरायचं आणि समजणाऱ्यानं समजायचं. प्रत्येक फुलाला ठरलेला अर्थ होता असं सांगणाऱ्या पर्यटकी पुस्तिकांवर मी फारसा भरवसा ठेवत नाही. गावागणिक नावं आणि अर्थ बदलतात. पण रुसलेल्या जावेवर माझा पूर्ण विश्वास आहे.

आज हे काम कुठे आहे? प्रजासत्ताक आल्यावर मुलींच्या शिक्षणसंस्थांतून जुने टाके शिकवले जाऊ लागले, आणि 1945 मध्ये इस्तंबूलच्या बेयोलू भागात ओल्गुनलाश्मा नावाची संस्था निघाली. मुलींना पुढचं प्रशिक्षण द्यायचं आणि जुने नमुने टिपून ठेवून ते नव्यानं करायचे, हे तिचं काम. अशा संस्था पुढे इतर शहरांतही झाल्या. त्याशिवाय लोकशिक्षण केंद्रांचे वर्ग गावोगाव चालतात. आपापला टाका धरून बसलेली गावं आहेत: मराशला पुठ्ठ्याच्या आकारावर सोनेरी धागा बसवायचं उठावदार काम, आपल्या जरदोजीच्या कुळातलं, गाझीआंतेपला पांढऱ्यावर पांढरं, धागे उसवून केलेली जाळी, मुदुर्नू आणि नाल्लहानला सुईची ओया.

आणि काळ्या समुद्राजवळच्या बार्तनला तेल कर्मा. तेल म्हणजे तार. चपटी, कागदासारखी पातळ धातूची पट्टी खास चपट्या सुईत घालून जाळीदार कापडाच्या भोकांतून न्यायची, आडवी-तिरपी दुमडायची आणि नखानं दाबून मागेपुढे हलवत मोडायची. कात्री लागत नाही. आपल्याकडच्या मुकेश कामाशी त्याचं जवळचं नातं आहे. शिकणाऱ्या बायका शाली करतात, नवरीची ओढणी करतात, चौकटीत घालून भिंतीवर लावायचे तुकडे करतात. टॉवेल फारसं कुणी करत नाही. धुणार कसं, हा त्यांचा प्रश्न रास्त आहे.

इस्तंबूलच्या मोठ्या छपराच्या बाजारात, ग्रँड बझारमध्ये, टॉवेलांचे ढीग आहेत, त्यांच्या टोकांवर ट्युलिपही आहेत. ते उलटून पाहावेत. मागे बॉबिनचा पांढरा दोरा दिसला तर ते यंत्राचं काम. घ्यायला हरकत नाही, पण हाताच्या कामाचा भाव देऊ नये. जुनी टोकंही मिळतात. त्यात रंग भडक आणि आजूबाजूच्या कापडावर पसरलेले असतील तर ते बहुधा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरचं, रासायनिक रंग आल्यानंतरचं. टोकाला कापलेली कड शिवून झाकलेली असेल तर त्याचा मधला भाग कुठे गेला ते आता तुम्हाला माहीत आहे.

मी सध्या आमच्या जेवणाच्या टेबलासाठी नॅपकिन भरतेय. कलिंगड आणि सुरी, हिशेबाच्या टाक्यात. रेशीम आणि कलाबतू घेतली नाही. पक्क्या रंगाचा सुती दोरा घेतलाय, कारण घरात आमटी रोज असते आणि हे नॅपकिन मशीनमध्ये धुवायचे आहेत.